इम्युनॉलॉजी समजून कशी करायची? नुसती नावं पाठ होईनात

अर्धवट_अँटीबॉडी:
माझं बॅकग्राउंड बायोकेमिस्ट्रीचं, या सेमिस्टरला इम्युनॉलॉजी आलीये आणि डोकं पार भंजाळलंय. मेटाबॉलिझमचे पाथवे निदान एका दिशेने जातात हो, इथं पान उलटलं की सीडी (पेशीवरची ओळखखूण) अमुक नि आयएल (पेशींमधला निरोप्या रेणू) तमुक. टीजीएफ-बीटा (हाही निरोप्याच) एकटं असेल तर नाईव्ह, म्हणजे अजून कोऱ्या, टी सेलची रेग्युलेटरी टी सेल होते आणि सोबत आयएल-6 असेल तर टीएच17, म्हणजे एक दाह थांबवणारी आणि दुसरी वाढवणारी! फ्लॅशकार्ड केले, भिंतीवर चार्ट लावला, सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी गायब. सुरुवात कुठून करू?

लिम्फनोड_वासी:
फ्लॅशकार्ड आधी बाजूला ठेव. सीडीपुढचा आकडा म्हणजे नोंदीचा क्रम, त्यात लॉजिक शोधत बसू नकोस.

एकच इन्फेक्शन धर आणि त्याच्या मागे मागे जा. समज पायात काटा रुतला, बॅक्टेरिया आत गेले. पहिले काही तास तिथले मॅक्रोफेज आणि रक्तातून धावत आलेले न्यूट्रोफिल लढतात, त्यांना हा नेमका कोणता बॅक्टेरिया ते कळत नाही, एलपीएससारखं (बॅक्टेरियाच्या आवरणातला रेणू) काहीतरी परकं आलंय एवढंच टोल-लाइक रिसेप्टरमुळे कळतं. तिथली डेंड्रिटिक सेल माल गिळून जांघेतल्या लिम्फ नोडकडे निघते आणि तिच्यावर सीडी80, सीडी86 वाढतात. नोडमध्ये टी सेलची सतत ये-जा असते, जिचा रिसेप्टर त्या गिळलेल्या मालातल्या पेप्टाइडला (प्रथिनाच्या तुकड्याला) जुळतो तीच थांबते, पण नुसतं जुळून भागत नाही, तिच्या सीडी28 ला ते सीडी80/86 भेटलं तरच गाडी पुढे, नाहीतर ती ॲनर्जिक होऊन गप्प बसते. बघ, किती नावं आली पण प्रत्येकजण कुठेतरी उभा आहे. कुठल्या पेशीवर, शरीरात कुठे, केव्हा, हे प्रत्येक नावाला विचारायचं. तुझं टीजीएफ-बीटाचं कोडंही इथेच सुटतं, आयएल-6 म्हणजे आजूबाजूला गडबड चालू असल्याचा निरोप, तो नसेल तर शांत राहिलेलंच बरं.

मग एक तुकडा काढून बघ. टी सेलवरचा सीडी40 लिगँड जन्मतःच नसेल तर? अँटीबॉडी बनवणाऱ्या बी सेलला क्लास स्विचिंगचा, म्हणजे अँटीबॉडीचा प्रकार बदलायचा, सिग्नल मिळत नाही, रिपोर्टमध्ये आयजीएम नॉर्मल किंवा जास्त आणि आयजीजी, आयजीए अगदी कमी. हाच हायपर आयजीएम सिंड्रोम. गंमत म्हणजे या मुलांना न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनियाही होतो, आणि तो काही अँटीबॉडी कमी म्हणून नाही, टी सेल मॅक्रोफेजला नीट चेतवू शकत नाही म्हणून. एका आजारात दोन चॅप्टर होतात.

पिपेटवाली:
दादांचं पटलं, पण अर्धंच. थोडी घोकंपट्टी लागतेच. एमएचसी म्हणजे पेशीवर पेप्टाइड मांडून दाखवणारा रेणू, एमएचसी 1 ला सीडी8, एमएचसी 2 ला सीडी4, गुणाकार दोन्हीकडे 8. आयजीजी प्लासेंटा ओलांडते, आयजीए म्युकोसावर, आयजीई मास्ट सेलवर. एवढं झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवं.

बाकी निष्कर्ष पाठ करण्यापेक्षा प्रयोग वाच. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांचा 1974 चा घे. उंदरांना एलसीएम व्हायरसचं इन्फेक्शन दिलं, त्यांच्या किलर टी सेल काढून त्याच व्हायरसने बाधित पेशींवर सोडल्या. एमएचसी जुळणाऱ्या पेशी मेल्या, दुसऱ्या एमएचसीच्या, व्हायरस तोच असूनही, वाचल्या. म्हणजे टी सेल एकट्या व्हायरसला ओळखतच नाही, स्वतःच्या एमएचसीवर मांडलेला असेल तरच ओळखते. 1996 चं नोबेल यालाच मिळालं. पेपरात असाच टेबल देऊन विचारतात, कंट्रोल कुठला आणि ही पेशी का मेली नाही, तिथे फ्लॅशकार्डवाले आडवे होतात.

अर्धवट_अँटीबॉडी:
काटा प्रकरण भारी, आज कोऱ्या कागदावर काढून बघितलं. पण वीडीजे (रिसेप्टरच्या जीनचे तुकडे जोडणं), क्लास स्विचिंग आणि हायपरम्युटेशन, तिन्हीत डीएनएच बदलतो, इथे कायम घोळ होतो.

लिम्फनोड_वासी:
वीडीजे बोन मॅरोत, अँटिजेन (ओळखायचा परका रेणू) भेटायच्या आधी, रॅग1 आणि रॅग2 या एन्झाइमांकडून. या कापाजोडीसाठीच टोनेगावांना 1987 चं नोबेल. बाकी दोन्ही अँटिजेन भेटल्यावर, आणि दोन्हीला एन्झाइम एकच, एआयडी. हायपरम्युटेशन व्हेरिएबल भागात म्युटेशन पाडतं, ज्यांची पकड घट्ट झाली त्या बी सेल टिकतात. क्लास स्विचिंगमध्ये पकड तीच, कॉन्स्टंट भाग बदलतो. टी सेलमध्ये यातलं फक्त पहिलं, तेही थायमसमध्ये. आता तू सांग, एआयडीच नसेल तर रिपोर्ट कसा दिसेल?

अर्धवट_अँटीबॉडी:
आयजीएम जास्त, बाकीच्या जवळपास नाहीत, हायपरम्युटेशनही नाही... पण टी सेल शाबूत आहेत, म्हणजे न्यूमोसिस्टिसची भीती नाही?

लिम्फनोड_वासी:
बरोब्बर. शिवाय लिम्फ नोड सुजलेले सापडतात, जर्मिनल सेंटर (नोडमधली बी सेल वाढायची जागा) अवाढव्य होतात. सीडी40 लिगँड नसेल तर ती धड बनतच नाहीत. का, ते उद्या कागदावर काढून इथे टाक.