तुम्ही मुंबईला कशाने आलात, मुंबईत कशाने फिरता? अनुभव लिहा

कृष्णाकाठची
परवा मरोळ नाक्याला भुयारी मेट्रोत बसले आणि थेट विधान भवन स्टेशनला उतरले. सरकत्या जिन्याने वर येताना एक आजोबा दिसले, धोतर, टोपी, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. ते प्रत्येकाला विचारत होते मंत्रालय कुठल्या बाजूला. आणि मला एकदम बाबा आठवले.

बाबा हायस्कूलला मुख्याध्यापक होते, शाळेच्या अनुदानाची फाईल अडकली की त्यांची मुंबईवारी ठरलेली. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तेव्हा सीएसएमटी नव्हतं, व्हीटीच म्हणायचो सगळे. एका दिवाळीच्या सुट्टीत मीही हट्टाने गेले. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, पहाटे कल्याणच्या पुढे बाजूने लोकल पळायला लागल्या तेव्हा मी खिडकीतून हललेच नाही. दारात माणसं लटकलेली पहिल्यांदा बघितली. व्हीटीला वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, बाहेर आलो आणि बाबा बसच्या पाट्या वाचत उभे राहिले. तेवढ्यात एक गृहस्थ म्हणाले, मास्तर, मंत्रालयला ना, चला माझ्याबरोबर, शेअर टॅक्सीत दोन जागा आहेत. बाबा मास्तर आहेत हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. उतरल्यावर पासाची रांग कुठे लागते, जेवायला कुठे स्वस्त पडतं, आमदार निवासात सतरंजी कोणाकडे मागायची, सगळं सांगून मगच गेले ते.

मला अजूनही वाटतं की ह्या शहरात माणूस कितीही धावत असला तरी रस्ता सांगायला थांबतोच. म्हणून हा धागा. गावाहून मुंबईला तुम्ही कशाने येता किंवा यायचात, इथे कशाने फिरता, वाटेत कोण भेटलं, लिहा सगळे. आठवेल तसं लिहा.

(त्या आजोबांना मंत्रालयाच्या गेटपर्यंत सोडून आले.)

डोंबिवली_फास्ट
किती छान लिहिलंयस ग. मी आत्ता गाडीतच आहे, उभ्याने टाईप करतेय. आमचा लेडीज डबा म्हणजे माझं दुसरं घर. लग्न होऊन नगरहून आले तेव्हा लोकलची इतकी भीती वाटायची की दोन गाड्या सोडून तिसरीत चढायचे, मग एका काकूंनी हात धरून शिकवलं, कुठल्या खांबापाशी उभं राहायचं, दार कुठल्या बाजूला येणार, उतरायच्या दोन स्टेशन आधी पुढे सरकायला लागायचं आणि सरकताना पुढचीला विचारायचं ठाणा का. त्या काकू रिटायर झाल्या तेव्हा डब्यात आम्ही त्यांची ओटी भरली. माझं डोहाळजेवण पण डब्यातच झालं, फुलांच्या वाड्या कोणीतरी दादरहून आणल्या होत्या, दसऱ्याच्या आधी तर गाडीला तोरण पूजा सगळं असतं. भाजी निवडणं तर रोजचंच, कोणाच्या मांडीवर मेथी कोणाच्या पावट्याच्या शेंगा, ज्यांना बसायला मिळतं त्या उभ्या असलेल्यांची पण निवडून देतात. दिवा गेलं, बाकी नंतर

बोरीबंदर
छान विषय. नवीन येणाऱ्यांसाठी एक सांगतो, दादरला प्लॅटफॉर्मचे नंबर डिसेंबर २०२३ ला बदललेत. आधी दोन्ही लाईनला एक नंबर दोन नंबर होते आणि बाहेरचा माणूस हमखास चुकायचा. आता वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ ते १४. गावाहून कोणी येणार असेल तर हे फोनवरच सांगून ठेवा.

आणि लोकल लोकल म्हणताना हेही लक्षात असू द्या की १६ एप्रिल १८५३ ला ही सगळी सुरुवात आपल्याच बोरीबंदर ते ठाणे ह्या ३४ किलोमीटरवर झाली. आमचे आजोबा हे सांगताना ताठ बसायचे.

रेवसचा_वारा
आमच्याकडे मुंबई म्हणजे भाऊचा धक्का. गाडी बिडी काही नाही, लाँच. आजी मासे घेऊन यायची, मी तिच्या टोपलीला टेकून बसायचो. करंजा मागे पडलं की ती डोक्यावर पदर घ्यायची आणि हात जोडायची. लहानपणी कळायचं नाही का ते. मग मोठ्या काकांनी सांगितलं, १७ जुलै १९४७, रामदास बोट. धक्क्यावरून रेवसला निघाली होती, गटारीची अमावस्या, माणसं सणाला घरी चाललेली, ६०० च्या वर गेली. आमच्या बाजूच्या कितीतरी गावांत एकाच दिवशी रडारड. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं आणि आमच्याकडे घराघरात सुतक. आजीच्या माहेरची पण होती त्यात. ती आयुष्यभर लाँचनेच गेली, पण हात जोडल्याशिवाय कधी गेली नाही.

आता मार्च २०२० पासून धक्का ते मांडवा रोरो आहे, गाडी आत घालायची आणि वर जाऊन चहा प्यायचा. गेटवेच्या छोट्या लाँच पावसाळ्यात बंद असतात तेव्हा तीच सोय. अटल सेतू पण झाला जानेवारी २०२४ ला, जवळपास २२ किलोमीटर, शिवडीवरून चढलं की पलीकडे चिर्ले. पोरं त्यानेच जातात. मला विचाराल तर समुद्रातून यायची मजा पुलावर नाही

पारिजातक
@रेवसचा_वारा दादा, वाचून पोटात कालवलं. आजीला नमस्कार सांगा.

रेवसचा_वारा
आजी गेली हो ताई, बरीच वर्षं झाली. पण पोचला नमस्कार.

वर्धेकर
आम्ही विदर्भ एक्स्प्रेसवाले. मी मुंबई पाहायला नाही आलो कधी, बायकोच्या ट्रीटमेंटसाठी टाटाला येत होतो. पहिल्या खेपेला काहीच माहीत नव्हतं न, दादरला उतरलो, हिला चालवत नव्हतं, दोन बॅगा, रिपोर्टचा गठ्ठा. रिक्षा कुठं मिळते विचारलं तर एका पोरानं सांगितलं काका दादरला रिक्षा नसते, इकडे टॅक्सीच. वांद्रे आणि सायनच्या अलीकडे रिक्षा येतच नाही हे आमच्याकडे कोणाले माहीत. त्यानंच टॅक्सी थांबवून दिली, टॅक्सीवाल्यानं दवाखान्याच्या दारात सोडलं आणि हिला हात धरून उतरवलं. मी जास्तीचे पैसे देऊ लागलो तर घेतले नाही, म्हणे परतीच्या वक्ताला चहा पाजा.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी लिहितो. कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटसाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. दवाखान्यातून ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट घ्यायचं, आधीच घ्यायचं, निघायच्या दिवशी धावपळ होते. आणि लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरचे पेशंट बसू शकतात, लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. ही आता चांगली आहे. सहा महिन्यांनी चेकअपला येतो, येताना डब्यातल्या लोकांसाठी संत्री आणते ती

डोंबिवली_फास्ट
वर्धेकर काका, वहिनींना खूप खूप शुभेच्छा. पुढच्या वेळी याल तेव्हा जेवायला आमच्याकडे यायचं, खरंच सांगतेय.

वर्धेकर
नक्की येऊ बेटा.

माझगावचा_मुलगा
डबल डेकर!!! वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट, समोर काच, आणि झाडाची फांदी आली की सगळी पोरं एकदम खाली वाकायची. त्या सीटसाठी मी आणि भाऊ स्टॉपवर दोन दोन बस सोडायचो, आई वैतागायची. कंडक्टरचं तिकीट पंच टकटक वाजत जिना चढून वर यायचं तो आवाज मला अजून झोपेत पण ओळखू येईल. सप्टेंबर २०२३ ला जुन्या डबल डेकर गेल्या, शेवटच्या दिवशी बसला हार घातले होते लोकांनी. नवीन एसी इलेक्ट्रिक आहेत डबल डेकर, छान आहेत, मुलीला घेऊन जातो, तिचीही तीच सीट ठरलेली आहे. पण वाऱ्याचं काय

आमच्या आजोबांचं असंच ट्रामचं होतं. ३१ मार्च १९६४ ला रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरवरून दादरला गेली, ते त्या गर्दीत होते. ते तिकीट त्यांनी ज्ञानेश्वरीत ठेवलं होतं.

पारिजातक
अरे वा, आहे का अजून ते तिकीट? फोटो टाक ना.

माझगावचा_मुलगा
काकाकडे आहे, गणपतीत जाईन तेव्हा काढतो

लिंबोणी
थोडं वेगळं विचारते, चालेल ना. नागपूरहून आईबाबा विमानाने येतायत, पहिल्यांदाच. टी२ वरून दादरला, सेनाभवनजवळ यायचंय. मी ऑफिसात असेन. बाबांना गुडघ्याचा त्रास आहे, टॅक्सी का मेट्रो?

बोरीबंदर
मेट्रो ३. टी२ चं स्टेशनच आहे, दादर मेट्रोला उतरायचं, सेनाभवन तिथून जवळच. सगळीकडे लिफ्ट आहे. पण बॅगा जास्त असतील तर टॅक्सीच बरी, आणि संध्याकाळी ५ च्या आत निघायला सांगा.

लिंबोणी
खूप आभार काका 🙏

क्वीनवाला_जोशी
पुणे मुंबई पासहोल्डर, नोकरीची बहुतेक वर्षं डेक्कन क्वीनमध्ये गेली. १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी, आम्ही तिचा वाढदिवस करतो स्टेशनवर, केक, रांगोळी, बँड. डायनिंग कारमध्ये चीज टोस्ट आणि आम्लेट. आमच्या ग्रुपमध्ये बँकेतले, मंत्रालयातले, कोर्टातले सगळे. पोरांची लग्नं तिथे ठरली, एकाचं घर घ्यायला सगळ्यांनी मिळून पैसे उभे केले. गाडी चुकली तर दादरला जाऊन शिवनेरी. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी एशियाडने घाटातून यायला किती वेळ लागायचा ते आठवतं का कोणाला? खोपोलीला थांबलं की वडा.

माझगावचा_मुलगा
कर्जतचा वडा विसरलात काका. घाटात चढायला मागे इंजिन जोडायचे तेवढ्या वेळात प्लॅटफॉर्मवर उड्या.

क्वीनवाला_जोशी
तो पण. पण खोपोलीचा तिखट असायचा.

ठाणेकर_मीरा
२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर. विक्रोळीहून ठाण्यापर्यंत हायवेवरून चालत आले, पाणी कमरेपर्यंत, अनोळखी माणसांनी दोरी धरलेली होती. कांजूरला एका चाळीतल्या बायकांनी बादलीभर चहा करून रस्त्यावर आणला होता. मी गरोदर होते, त्यांनी मला घरात बसवून कोरडी साडी दिली. नंतर साडी परत करायला गेले तर घेतली नाही, म्हणाल्या बाळाची गोधडी शिव. शिवली. तो मुलगा आता कॉलेजला लोकलने जातो.

पारिजातक
मीरा 😢❤️

नांदेडचा_पोरगा
आम्ही ५ डिसेंबरला रात्री निघतो, चैत्यभूमीला. स्पेशल गाड्या असतात तरी पाय ठेवायला जागा नसते, पण कोणी कोणाला उठ म्हणत नाही, म्हाताऱ्यांना आधी बसवतात. दादरला उतरलं की शिवाजी पार्कपर्यंत चालतच. माझी आजी वाहन घ्यायची नाही, बाबासाहेबांकडे चालतच जायचं म्हणायची. आणि येताना पुस्तकांची पिशवी, कपडे नाही घेतले तरी चालतील पण पुस्तकं पायजेत. मी पहिल्यांदा संविधान तिथूनच घेतलं

कृष्णाकाठची
सगळ्यांचे अनुभव वाचतेय, स्वयंपाक राहिला बाजूला. वर्धेकर काका, मीरा, काय लिहू कळत नाहीये. नांदेडच्या दादा, आजी अजून येतात का?

नांदेडचा_पोरगा
येते ना ताई. आता एसटीला ७५ च्या पुढं तिकीट नाही, म्हणून महिन्याला कुठंतरी निघते. मुंबईला मात्र रेल्वेच पाहिजे तिला

द्राक्षबाग
@कृष्णाकाठची ताई, सांगली बाजूच्या का तुम्ही? दशम्या आणि चटणी वाचून वाटलं. आमचं तासगाव.

कृष्णाकाठची
हो की, पलूस! माहेर. तासगावला आत्या आहे माझी.

द्राक्षबाग
मग काय शेजारीच झालो. मी ह्या शनिवारी महालक्ष्मीनेच येतोय, बेदाणा घेऊन. मरोळला आहात म्हणालात ना, देऊन जातो अर्धा किलो. फक्त एक सांगा, व्हीटीवरून तुमची ती मेट्रो कुठून धरायची?

कृष्णाकाठची
सीएसएमटीचं मेट्रो स्टेशन बाहेरच आहे, भुयारातून जायचं, विचारलं की कोणीही सांगेल. आरेकडे जाणारी धरा आणि मरोळ नाक्याला उतरा. नाश्त्याला या, पोहे करते.