मदत हवी आहे: उदगीरला डिश घ्यायचीय, कोणतं पॅकेज? (डिसेंबर २०१५)

चौबारा
लवकर सांगा कुणीतरी. ३१ डिसेंबर २०१५ नंतर बॉक्सशिवाय केबल बंद म्हणून टीव्हीच्या खाली पट्टी फिरायलीय. केबलवाल्याला बॉक्स कधी येणार विचारलं तर 'येतंय, येतंय' म्हणायलाय. म्हणून डिशच घ्यायची ठरवलीय. सगळी मराठी चॅनेलं, दोन-तीन कन्नड आणि क्रिकेट. महिन्याला अडीचशेच्या आत. एकच नाव सांगा, चार नावं सांगून डोकं फिरवू नका.

गुरुजी_अहमदपूर
टीव्ही ट्यूबचा की चपटा? घरात एकच आहे का? घर स्वतःचं का भाड्याचं? 'सगळी मराठी' म्हणजे नेमकी कोणती?

चौबारा
गुरुजी, मी पॅकेज विचारलंय, तुम्ही सातबारा मागायलात. टीव्ही साधाच आहे. कन्नड बायकोला पाहिजे, तिचं माहेर भालकी.

क्रांतीचौक
आमच्या औरंगाबादला हे सगळं ३१ मार्च २०१३ च्या मुदतीत उरकलं, जुनी केबल बंद करून बॉक्स लावायच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत होतो आम्ही. माझं ऐका, एचडीच घ्या. मार्चात टी-ट्वेंटी वर्ल्डकप आहे, तोही भारतात. साध्या चित्राच्या एसडीवर चेंडू शोधत बसावं लागतं.

कडबाकुट्टी
दूरदर्शनची फ्री डिश घ्या आन मोकळे व्हा. छत्री-बॉक्सचे पैसे एकदाच, नंतर महिन्याला एक रुपया नाही. आमच्या आखाड्यावर सोलरच्या बॅटरीवर चालतंय. सह्याद्री आहे, चंदना आहे म्हणजे वहिनींचं कन्नड झालं, वर डीडी किसान पण आहे.

चौबारा
आईला झी मराठी आणि कलर्स मराठी लागतं. संध्याकाळी सातनंतर रिमोट तिच्याकडं. फ्री डिशवर आहेत का ही दोन?

कडबाकुट्टी
नाहीत. पण सवय मोडते माणसाची.

क्रांतीचौक
तुम्ही सांगून बघा त्यांच्या आईला.

गुरुजी_अहमदपूर
रिमोट आईकडे असतो, तेव्हा बाकीचे काय करतात? दुसरा टीव्ही नाही असं धरू का?

चौबारा
आहे की. आतल्या खोलीत जुना डबा आहे, दादाची पोरं कार्टून बघतात त्यावर. केबलची वायर एकच, टी मारून दोन्हीकडं घेतलीय. त्याचा इथं काय संबंध?

गुरुजी_अहमदपूर
सगळा संबंध तिथंच आहे. जुन्या केबलमध्ये सगळी चॅनेलं एकदम वायरीतून येतात आणि निवड टीव्ही करतो, म्हणून टी चालतो. आता निवड बॉक्स करणार. एका बॉक्सवर दोन टीव्ही जोडले तर आई लावील तेच पोरांना दिसणार. वेगवेगळं बघायचं तर दोन बॉक्स. छत्री एकच पुरते, एलएनबी (छत्रीपुढची सिग्नल पकडणारी डबी) तेवढी दोन तोंडांची घ्यायची. दुसऱ्या बॉक्सचा महिन्याचा आकार कमी असतो, पण असतो. सगळ्यावर सर्व्हिस टॅक्स १४ टक्के आणि १५ नोव्हेंबरपासून स्वच्छ भारतचा अर्धा टक्का. तुमच्या अडीचशेत काय बसतं ते आता मोजा. ट्यूबच्या टीव्हीला एचडी लावून काही मिळत नाही, क्रांतीचौक यांनी आपला वर्ल्डकप आपल्या घरी बघावा.

बार्शीनाका_बीड
एवढी कशाची घाई? तुमच्या-आमच्या तिसऱ्या टप्प्याची तारीख आधी ३० सप्टेंबर २०१४ होती, ती गेली की नाही पुढं? ही पण जाईल. केबलवर १०० फ्री चॅनेलांचा मूळ पॅक १०० रुपये अधिक कर, त्याच्या वर घेता येत नाही, ट्रायचा, म्हणजे सरकारी नियामकाचा नियम आहे. कशाला छत्री आणि कशाला भानगड?

गुरुजी_अहमदपूर
त्या १०० त झी मराठी नाही, कलर्स मराठी नाही. ती पैशाची चॅनेलं आहेत.

क्रांतीचौक
आणि लोडशेडिंग? तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी गल्लीतल्या केबलच्या अँप्लिफायरची लाइट गेली की पडदा काळा. डिशला ही कटकट नाही.

बार्शीनाका_बीड
आणि पाऊस आला की डिश जाते, ते सांगा ना.

कडबाकुट्टी
पाऊस यू द्या की वो एकदा. दोन वर्षं झाली वाट बघायलोत. डिश गेली तर गेली.

हडको_नांदेड
लहानपणी आम्ही अंबाजोगाईच्या टॉवरकडं अँटेना फिरवायचो. एक जण पत्र्यावर, एक दारात, एक टीव्हीपुढं. 'आलं का? गेलं!' ना पॅकेज ना रिचार्ज.

चौबारा
माझी आठ दिवसांत लाइन कटायलीय आणि तुमच्या आठवणी निघाल्यात. नाव सांगा, नाव.

स्पॅनर_निलंगा
छत्र्या बसवणं हाच माझा धंदा आहे. नाव नंतर. छत्री कुठं बसणार ते बोला.

चौबारा
भाड्याचं घर, खालचा मजला. गच्चीला छिद्र पाडायचं नाही म्हणतात मालक, स्लॅब गळतो. गॅलरी आहे पूर्वेला. समोर तीन मजली इमारत झालीय नवीन.

स्पॅनर_निलंगा
मग पॅकेज तुम्ही निवडणार नाही, ती इमारत निवडणार. उदगीरातून टाटा स्कायचा उपग्रह ८३ अंश रेखांशाला, दक्षिणेच्या जरासं पूर्वेला आणि पार उंच, क्षितिजापासून साधारण ६७ अंशावर. व्हिडिओकॉन ८८, डिश टीव्ही ९५, म्हणजे आग्नेय. एअरटेल १०८.२, पूर्वेकडं जास्त कललेलं आणि बरंच खाली, ४९ च्या आसपास. गॅलरीत छत्री लावली तर उंचावरच्याला तुमचाच वरचा स्लॅब आडवा येणार आणि खालच्याला समोरची इमारत. गॅलरी विसरा. गच्चीला छिद्र लागत नाही, मोठ्या घमेल्यात काँक्रीट भरून पाइप रोवायचा आणि नुसता ठेवायचा. वाऱ्यानं हलू नये म्हणून वजन भरपूर पाहिजे.

क्रांतीचौक
आमच्याकडे १०८ वालं गॅलरीतच लावलंय, मस्त चालतं.

स्पॅनर_निलंगा
तुमच्या गॅलरीपुढं मोकळं असंल. चौबारा, तुम्ही उद्या सकाळी गच्चीवर जा. आत्ता डिसेंबरात पावणेदहाच्या सुमाराला सूर्य बरोबर आग्नेयेला असतो, उपग्रहाच्या खूप खाली. जिथं तेव्हा ऊन पडतं तिथं ९५ वाल्याला आडकाठी नाही. सावली असली म्हणून मात्र नाद सोडू नका, उपग्रह इमारतीच्या वरून दिसू शकतो. मीटर लावूनच कळतं. सिग्नल दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

गुरुजी_अहमदपूर
आणि कन्नड महाराष्ट्राच्या पॅकमध्येच येईल असं धरू नका, बहुतेक वेगळं जोडावं लागतं. दुकानदार 'सब आता है' म्हणतो. चॅनेलांची यादी छापील मागा, आईची दोन आणि वहिनींची तीन स्वतः बोट ठेवून बघा.

चौबारा
बघितलं. नवाला सावली होती, पावणेदहाला टाकीच्या बाजूला लख्ख ऊन. ८३ तर मोकळंच. म्हणजे दोन-तीन कंपन्यांत बसतंय, आता कन्नड जिथं स्वस्त तिथं. मालक घमेल्याला हो म्हणाले, पण त्याच छत्रीवर त्यांना पण कनेक्शन पाहिजे. चालतं का?

स्पॅनर_निलंगा
चार तोंडांची एलएनबी घ्या, चालतं. बॉक्स आणि रिचार्ज मात्र त्यांच्या नावावर. एलएनबीचे निम्मे पैसे आत्ताच घ्या.