मदत हवी आहे: नवीन स्टिरिओ बसवल्यापासून सबवूफरचा आवाज दबलाय

मधलीसीट (धागाकर्ता)
गाडीतला जुना स्टिरिओ काढून नवीन बसवला. पुढचे स्पीकर झकास वाजतायत, सबवूफर (बेसचा स्पीकर) मात्र अगदीच दबका. याच सबने आधी मागच्या काचा थरथरायच्या. वायरिंग आधीसारखंच आहे. सब लेव्हल +१० वर ठेवली तरी समाधान नाही. उद्या लांब जायचंय, लवकर सांगा.

तारजोड
'आधीसारखंच' यावरून काही कळत नाही. सबचा अ‍ॅम्प (सिग्नल मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) मोनो की दोन चॅनलचा? किती ओहमला किती वॅट? सबला कॉइल एक की दोन? आणि आरसीए (स्टिरिओकडून अ‍ॅम्पला सिग्नल नेणारी वायर) स्टिरिओच्या मागे 'सब'मध्ये आहे की 'रिअर'मध्ये? काही स्टिरिओत रिअरची जोडी मेनूतून सबवूफर म्हणून निवडावी लागते. तसं केलं नसेल तर तिथून मागच्या स्पीकरचा सिग्नल येतो. मग सब लेव्हल कितीही वाढवा, ढिम्म फरक पडत नाही.

धडामधूम
१ फॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा) लावा. बेसच्या ठोक्याला व्होल्टेज पडतंय, दुसरं काही नाही.

ओहमकार
कपॅसिटर कशाला? अ‍ॅम्पही तोच आणि बॅटरीही तीच, बदललाय फक्त स्टिरिओ. शिवाय १४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत १ फॅरड जेमतेम २६ ज्यूल देतो. ३०० वॅटच्या अ‍ॅम्पला ते सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा पुरत नाहीत. शंका असेल तर इंजिन चालू ठेवून अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावा. ठोक्याला १२ च्या खाली जात असेल तर दोष पॉवर वायरचा किंवा अर्थिंगचा. चेसिसवर जिथे अर्थ जोडलाय तिथला रंग पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडा.

निळीवायर
रिमोट वायर (स्टिरिओकडून अ‍ॅम्प चालू करणारी) बघा. निळी-पांढरी अ‍ॅम्पसाठी असते, नुसती निळी अँटेनासाठी. अदलाबदल झाली असणार.

ओहमकार
रिमोटला व्होल्टेज नसतं तर अ‍ॅम्प चालूच झाला नसता. सब वाजतोय, फक्त कमी वाजतोय.

मधलीसीट
अ‍ॅम्प मोनो, २ ओहमला ३०० वॅट. सबला ४ ओहमच्या दोन कॉइल, पॅरललमध्ये. आरसीए 'सब'मध्येच आहे. डिकीत कशालाच हात लावलेला नाही. इंजिन चालू असताना अ‍ॅम्पवर १४.१, ठोक्याला १३.६.

तारजोड
पॉवर ठीक आहे. आता मुख्य प्रश्न: दोन्ही स्टिरिओंचं प्रीआउट (आरसीएतून अ‍ॅम्पला जाणारा सिग्नल) किती व्होल्टचं? माहितीपत्रकात असतं.

शांतकेबिन
इंजिनची शिट्टी ऐकू येत असेल तर आरसीए आणि पॉवर वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या.

मधलीसीट
शिट्टी नाहीये, बेस नाहीये. जुन्याचं प्रीआउट ४ व्होल्ट, नव्याचं २. एवढ्याने इतका फरक पडतो?

तारजोड
पडतो. अ‍ॅम्पचा गेन (आलेला सिग्नल किती पट मोठा करायचा ते) ४ व्होल्टच्या सिग्नलला जुळवलेला होता. आता निम्मं व्होल्टेज येतंय, म्हणून बाहेरही निम्मंच जातंय. पण वॅट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतात, त्यामुळे ३०० चे ७५ होतात. पुढच्या स्पीकरना स्टिरिओचा स्वतःचा अ‍ॅम्प आहे, म्हणून तिथे काही जाणवलं नाही.

असं करा. स्टिरिओत सब लेव्हल ०, इक्वलायझर सपाट, लाउडनेस आणि बेस बूस्ट बंद. अ‍ॅम्पवरचा बूस्टही ०. अ‍ॅम्प बंद असताना सबच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा आणि टोकं एकमेकांना लागू देऊ नका. ५० हर्ट्झचा, ० डेसिबलचा सलग सूर पेनड्राइव्हवरून लावा. ब्लूटूथवर फोनचा व्हॉल्यूम मध्ये लुडबुड करतो. व्हॉल्यूम कमाल आकड्याच्या पाऊण. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ साधारण २४.५ व्होल्ट. गेन हळूहळू फिरवत तिथवर आणा आणि थांबा.

धडामधूम
एवढा उपद्व्याप कशाला? गेन पूर्ण फिरवा, व्हॉल्यूम कमी ठेवा.

तारजोड
गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. पूर्ण फिरवला की स्टिरिओच्या निम्म्या आवाजातच अ‍ॅम्प क्लिप होतो, लहरींचे माथे सपाट होतात, सरासरी वॅट वाढतात आणि कॉइल जळते. सब लेव्हल +१० ठेवण्यातही हीच जोखीम. सिग्नल स्टिरिओतच फाटला तर अ‍ॅम्प तो फाटकाच मोठा करतो.

मधलीसीट
आत्ता मोजलं. गेनला हात न लावता ११.९ व्होल्ट. वाढवून २४.३ वर आणला. दम परत आला! पण किक ड्रमचा ठोका अजून पोकळ वाटतोय, खालचा घुमारा मात्र भरपूर.

ओहमकार
लो-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या वरचे सूर कापणारा) कुठे कुठे चालू आहे?

मधलीसीट
स्टिरिओत ८० हर्ट्झ, अ‍ॅम्पवरही ८०.

ओहमकार
एकच ठेवा. ८० हर्ट्झला एक फिल्टर ३ डेसिबल कापतो, दोन मिळून ६, आणि त्याच्या वर उतारही दुप्पट तीव्र होतो. ठोका नेमका तिथेच असतो. अ‍ॅम्पवरचा बंद करा. बंद होत नसेल तर सर्वांत वरच्या आकड्यावर न्या. स्टिरिओतला ८० राहू द्या, पुढच्या स्पीकरना हाय-पासही (खालचे सूर कापणारा) ८०. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून सबची फेज (कंपनाची दिशा) नॉर्मल आणि रिव्हर्स आलटून पालटून ऐका. ज्यात ठोका भरीव येईल ती ठेवा. स्टिरिओ बदलला की टाइम अलाइनमेंटही (स्पीकरचे आवाज कानावर एकाच वेळी यावेत म्हणूनची सेटिंग) बदलते, त्यामुळे जुनी फेज आता चालेलच असं नाही.

शांतकेबिन
रच्याकने, नंबरप्लेटच्या मागे फोमची पट्टी लावा. निम्मी खडखड तिथूनच येते.

मधलीसीट
अ‍ॅम्पचा फिल्टर बंद केला, फेज रिव्हर्स. ठोका आला. सर्वांचे आभार.

खिडकीपाशी
धाग्यात मध्येच विचारतो. माझ्या स्टिरिओला सब आउटच नाही, मागच्या स्पीकरच्या वायरी आहेत. चालेल का?

तारजोड
अ‍ॅम्पला हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरी थेट घेणारं) आहे का ते आधी सांगा. नसेल तर मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएजोगा कमी करणारा) लागेल. स्पीकरची वायर थेट आरसीएला जोडू नका, स्टिरिओचा आउटपुट आयसी (चिप) जाईल.