काळ्या कार्डवर इंक ब्लेंडिंग दिसतच नाहीये, संक्रांतीची ४० कार्डं करायचीत, मदत करा

कागदवेडी_चिपळूण

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज.

आमच्याकडे आजी दरवर्षी संक्रांतीला सगळ्या नातेवाइकांना भेटकार्ड पाठवायची आणि पाकिटात चिमूटभर काटेरी हलवा घालायची, छोट्या कागदाच्या पुडीत. पाकीट उघडलं की आधी हलवाच हातात यायचा. मग मोबाईल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर तिळगूळ घ्या सुरू झालं आणि ते सगळं बंदच पडलं. आता आजी ८४ वर्षांची आहे, मध्ये एकदा सहज म्हणाली की आता कुणाची पाकिटं येत नाहीत गं. ते माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून ठरवलं की यंदा तिच्या नावाने ४० कार्डं मी हाताने करून पाठवणार.

संक्रांत म्हणजे काळा रंग, म्हणून काळा कार्डस्टॉक म्हणजे कार्डाचा जाड कागद आणला, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम). कल्पना अशी की काळ्यावर पतंगाचं स्टेन्सिल (आकार कापलेला साचा) ठेवून केशरी ते गुलाबी असं ब्लेंडिंग, म्हणजे ब्रशने शाई घासत एका रंगातून दुसऱ्यात जायचं, खाली हलव्याच्या दागिन्यांसारखी पांढऱ्या ठिपक्यांची माळ आणि मध्ये तिळगूळ घ्या गोड बोला चा ठसा. पांढऱ्या कागदावर हेच सगळं मला बऱ्यापैकी जमतं. पण काळ्यावर ब्रश घासघास घासला तरी काही दिसत नाही, तिरकं धरलं तर जरासा ओलसर डाग दिसतो आणि सुकला की तोही गायब. जास्त शाई घेतली तर स्टेन्सिलच्या खाली शिरते. आणि पांढऱ्या एम्बॉसिंग पावडरचं (ओल्या शाईवर टाकून गरम केली की वितळून उठाव येतो ती) तर विचारूच नका, ठिपक्यांवर बसते ते ठीक पण आजूबाजूला सगळीकडे कण चिकटतात, काळ्यावर तर चांदणं पडल्यासारखं दिसतं. हेअर ड्रायरने गरम करायला गेले तर पावडरच उडाली.

ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून इंक पॅड घेतले त्याने सगळ्या कागदावर चालेल असं लिहिलं होतं, आता विचारलं तर उत्तर नाही. माझं कुठे चुकतंय? ६ कार्डं वाया गेलीत, आता कागद जपून वापरायचाय.

शाई_आणि_ठसे (पुणे)

अगं तुझं काही चुकत नाहीये, शाई चुकीची आहे. तू जे पॅड वापरतेयस ते डाय इंकचे असणार, डाय म्हणजे पारदर्शक, चहासारखी. पांढऱ्या कपात चहाचा रंग दिसतो, काळ्या कपात दिसेल का? तसंच आहे. डाय इंक कागदात मुरते आणि खालच्या कागदाचा रंग तिच्यातून वर येतो, त्यामुळे काळ्यावर ती कितीही चढव, काळंच राहणार. काळ्यासाठी पिगमेंट इंक लागते, तिच्यात रंगाचे बारीक कण असतात ते कागदाच्या वर बसतात आणि खालचं झाकतात.

सगळे पॅड नव्याने घ्यायची गरज नाही. एकच पांढरा पिगमेंट पॅड घे. स्टेन्सिल ठेवून आधी पांढरा पतंग पूर्ण उमटव, पातळ पातळ दोन थर, पूर्ण सुकू दे, मग त्याच जागी स्टेन्सिल परत बसवून तुझ्याकडचे केशरी गुलाबी वरून फिरव. आता त्यांना खाली पांढरं मिळालं, दिसणारच. पांढऱ्या कागदाइतका कडक रंग नाही येत, जरा खडूसारखा मऊ येतो, पण मला तर काळ्यावर तोच जास्त आवडतो. फक्त स्टेन्सिलचे दोन कोपरे पेन्सिलीने कार्डवर खूण करून ठेव नाहीतर दुसऱ्या वेळेला एक मिलिमीटर जरी सरकलं तरी पतंगाला दुहेरी कड दिसते.

सुकायचं म्हणशील तर पिगमेंट फार हळू सुकते. मी रात्रभर ठेवते. आणि कागद आर्ट पेपरसारखा गुळगुळीत चकचकीत असेल तर ती दोन दिवसांनी पण बोटाला लागते, तेव्हा कोटिंग नसलेलाच कार्डस्टॉक हवा. तुझा कुठला आहे ते बघायला एका कोपऱ्यावर ओलं बोट टेकव, पाणी लगेच शोषलं तर साधा, वर थेंब राहिला तर कोटिंगवाला. हेही बघ की कागद फाडल्यावर आतून काळाच आहे की पांढरा. आतून पांढरा असेल तर घडीवर भेगा पडून पांढरी रेघ दिसते, त्याला घडी घालायच्या आधी सुकलेल्या बॉलपेनने पट्टी लावून रेघ दाबून घ्यायची आणि मगच दुमडायचं.

स्टेन्सिलखाली शाई शिरते ते ब्रशवर जास्त शाई असल्यामुळे. ब्रश पॅडवर टेकवला की सरळ कार्डवर आणू नकोस, आधी रद्दी कागदावर चार वेळा गोल फिरव, तो जवळजवळ कोरडा वाटायला लागला की मग स्टेन्सिलच्या प्लास्टिकवर सुरुवात करून हळूहळू आत मोकळ्या भागात यायचं, हात हलका, गोल गोल. रंग दाबून नाही येत, फेऱ्यांनी येतो. मी एका पतंगाला मोजून बघितलं होतं, एका रंगाच्या ३०-३५ फेऱ्या झाल्या. मनगट दुखतं पण कड एकदम चाकूने कापल्यासारखी येते. आणि दोन रंगांच्या मध्ये जिथे मिसळायचंय तिथे फिकट रंगाचा ब्रश शेवटी परत एकदा फिरव, गडद रंगाचा नाही.

स्टेन्सिल हलू नये म्हणून मास्किंग टेप लाव, पण टेप आधी दोन-तीनदा कपड्यावर चिकटवून काढ म्हणजे चिकटपणा कमी होतो, नाहीतर काळ्या कागदाचा पापुद्रा निघतो.

न्यूजर्सी_मावशी

पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं गं. आमच्या घरी पण आत्याचं पाकीट यायचं आणि आम्ही भावंडं हलव्यावरून भांडायचो.

वरच्या ताईंनी अगदी बरोबर सांगितलंय, मी दोन गोष्टी वाढवते. एक म्हणजे डिस्ट्रेस ऑक्साइड नावाचे पॅड मिळतात रेंजर कंपनीचे, त्यात डाय आणि पिगमेंट एकत्र असतं, ते काळ्यावर थेट दिसतात, मंद खडूसारखे. पण साधे डिस्ट्रेस इंक घेऊ नकोस, नाव सारखंच आहे आणि ते नुसते डाय आहेत, काळ्यावर दिसणार नाहीत. घेताना ऑक्साइड शब्द बघूनच घे. भारतात महाग पडतात म्हणून ४० कार्डांसाठी पांढऱ्या थराची युक्तीच बरी.

दुसरं, पिगमेंट सुकायला वेळ लागतो हाच फायदा करून घे. शाई ओली असतानाच वर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाक, झटक, गरम कर. पावडर वितळली की शाई खाली बंद होते आणि वर मीनाकारीसारखी चकाकी येते, पुसली पण जात नाही. ज्यांची कार्डं पोस्टाने जाणार त्यांना हे फार बरं.

पावडरचे कण चिकटतात त्याचं कारण एक तर स्थिर वीज आणि दुसरं हाताचं तेल. बाजारात अँटी स्टॅटिक पाउच मिळतं पण घरी जुन्या सुती रुमालात दोन चमचे टाल्कम पावडर घालून पुरचुंडी बांध, ठसा मारायच्या आधी कार्डवरून हलकेच फिरव. काळ्यावर जरा पांढुरकं दिसेल, शेवटी मऊ ब्रशने झटकलं की जातं. आणि तिळाचे लाडू करता करता कार्डं करू नकोस हं, मी एका वर्षी केलं होतं, तिळाच्या तेलाची बोटं जिथे जिथे लागली तिथे तिथे माझ्या अंगठ्याचा ठसा पांढऱ्या पावडरमध्ये छान उठून आला होता, रेषा सुद्धा मोजता येत होत्या. हात साबणाने धुऊनच बसायचं.

हेअर ड्रायर चालत नाही, वारा जास्त आणि उष्णता कमी. हीट गन नसेल तर इस्त्री पूर्ण तापवून उलटी पक्की आधाराला ठेव आणि कार्ड चिमट्याने धरून तिच्या वर बोटभर अंतरावर धर, टेकवायचं नाही. खालून उष्णता मिळाली की पावडर उडत पण नाही. बघत राहा, आधी ती साखरेसारखी रवाळ दिसते आणि मग एका क्षणात एका कडेपासून चमक पुढे सरकत जाते, ती दुसऱ्या कडेला पोचली की लगेच बाजूला घ्यायचं. अजून धरलं तर पावडर कागदात मुरते आणि तेलकट डाग राहतो. घरात लहान मुलं असतील तर इस्त्रीचा प्रकार ती झोपल्यावर कर.

चित्रकला_सर (सांगली)

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. इंक पॅडचं मला फार माहीत नाही, परंतु काळ्या कागदावर पांढरा थर द्यायला आमच्याकडे टूथब्रश होता. पांढरा पोस्टर कलर दाट घ्या, जुन्या टूथब्रशला लावा, जास्तीचा रंग झटका आणि स्टेन्सिलवर कंगव्याने किंवा बोटाने ब्रशचे केस मागे ओढून तुषार उडवा. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या मुलांकडून मी असं पुष्कळ काम करून घेतलंय. तुषार बारीक असल्याने रंग स्टेन्सिलखाली शिरत नाही आणि ५-१० मिनिटांत सुकतो, रात्रभर थांबायला नको. त्यावर तुमची शाई फिरवून बघा. हात मात्र हलका, कारण पोस्टर कलर ओलाव्याने सुटतो.

स्टेन्सिल विकत घ्यायची जरूर नाही. घरात जुना एक्स-रे असेल तर त्याच्यासारखं स्टेन्सिल नाही, कितीही वेळा पुसा. फक्त कापताना आतले तुकडे गळून पडू नयेत म्हणून मध्ये पूल ठेवावे लागतात. उदाहरणार्थ पतंगाच्या आत कामट्यांचं क्रॉस हवं असेल तर त्या कामट्याच पूल म्हणून ठेवा, मुद्दाम वेगळा पूल दिसता कामा नये. हे शिकायचं असेल तर मथुरा-वृंदावनची सांझी बघावी. कागद कापून केलेली स्टेन्सिलं असतात, त्यातून देवळात रांगोळी काढतात. झाडाची पानं, मोराची पिसं, गाईचे पाय सगळं एकमेकांना असं जोडलेलं असतं की पूल कुठला आणि नक्षी कुठली ते कळत नाही.

हलव्याच्या ठिपक्यांसाठी ठसा विकत घेतलात का? पेन्सिलीच्या मागचं खोडरबर वापरा, गोल ठिपका येतो. लहान ठिपक्याला टाचणीचं डोकं किंवा कानातली काडी. मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद काय हवं ते ठिपक्याठिपक्यांनी मांडता येईल आणि प्रत्येक कार्डावर वेगळा दागिना होईल.

कागदवेडी_चिपळूण

सर, खोडरबर!!! हे मला सुचलंच नव्हतं, मी तयार ठिपक्यांचा ठसा मागवणार होते.

काल रात्री बसून केलं. पांढरा पिगमेंट पॅड अजून आला नाही म्हणून सरांच्या पद्धतीने टूथब्रशने पांढरं उडवलं, बाबांचा गुडघ्याचा जुना एक्स-रे कापून पतंग केला, वर केशरी गुलाबी. आलं!! खरंच आलं, आणि तुषारामुळे पतंगाच्या पोटात जरा रवाळपणा आलाय तो फार सुंदर दिसतोय. एका जागी हात जड पडला तिथे पांढरं सुटून राखाडी झालं, पण कळलं किती दाबायचं ते.

ठिपक्यांचं अजून एक विचारायचंय. खोडरबरने चिकट शाईचे ठिपके देऊन पांढरी पावडर वितळवली, चमक पुढे सरकताना दिसली बरं का मावशी, अगदी तुम्ही लिहिलंय तशी. पण ठिपका सपाट आणि गुळगुळीत येतो. आजीला दाखवलं तर ती म्हणाली छान आहे पण हा हलवा नाही, साबुदाणा आहे. काटे कसे आणू?

आणि पाकिटात खरा हलवा घालायचा तर वजन किती भरेल, पोस्टात २० ग्रॅमच्या वर गेलं तर जास्त तिकीट लागतं ना?

शाई_आणि_ठसे (पुणे)

आजींना नमस्कार सांग, त्यांची नजर पक्की आहे.

काट्यांसाठी असं कर. पहिला थर पूर्ण वितळव, तो गरम आणि चिकट आहे तोवर लगेच वरून पुन्हा पावडर टाक, झटक आणि आता नुसती धग दाखव, पूर्ण चमक यायच्या आधीच बाजूला घे. वरचे कण खाली चिकटलेले पण अर्धवट वितळलेले राहतात, बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. हलव्याला पाक चढवतात तसंच आहे बघ, थोडा थोडा पाक, प्रत्येक थर सुकू द्यायचा, तेव्हा काटा येतो. इथे तीन थर पुरतात. थंड झाल्यावर नखाने हलकं खरवडून बघ, कण सुटत असतील तर अजून दोन सेकंद धग दे.

वजनाचा हिशोब सोपा आहे. ए४ कागदाचे दोन तुकडे केले की ए५, तो दुमडला की ए६ कार्ड, म्हणजे ४० कार्डांना २० कागद. ३०० जीएसएमचा ए५ तुकडा साधारण साडेनऊ ग्रॅम भरतो. आत लिहायला पांढरा पातळ कागद चिकटवशील तो दोनेक ग्रॅम, पाकीट चार-पाच ग्रॅम. म्हणजे हलव्याला तीन-चार ग्रॅमच उरतात, १०-१२ दाणे समज, घरच्या काट्यावर एक पाकीट पूर्ण भरून बघ आणि मगच बाकीची भर. हलवा बटर पेपरच्या पुडीत चपटा पसरून घाल, एका जागी गोळा राहिला तर पोस्टात शिक्का मारताना चुरा होतो. आणि ती पुडी आतल्या पांढऱ्या कागदाकडे ठेव, पतंगाच्या बाजूला नको, हलव्याचे काटे एम्बॉसिंगवर घासून ओरखडे पडतात.

आतल्या पांढऱ्या कागदावर मजकूर तू लिहिणार की आजी?

कागदवेडी_चिपळूण

आजीच लिहिणार आहे. हात थरथरतो म्हणून रोज चारच लिहिते, आज मोठ्या बहिणीचं लिहून झालं, बेळगावला जाणारंय ते.