१० बाय १२ च्या खोलीत बुकशेल्फ स्पीकर: ४, ५ की साडेसहा इंची?

कानसेन_नवा
खोली १० बाय १२ फूट, उंची १०. टेबल १० फुटी भिंतीला टेकवलेलं, २ फूट रुंद. खुर्चीत बसलं की कान समोरच्या भिंतीपासून साधारण ६ फुटांवर, डाव्या-उजव्या भिंतींच्या मधोमध. स्पीकरपासून साडेचार फूट. लॅपटॉपवरून गाणी, मुख्यतः गायन, कधीतरी सिनेमा. अ‍ॅम्प (आवाजाचा सिग्नल वाढवून स्पीकरला देणारं यंत्र) नाही. बजेट तोकडं आहे, म्हणून एकदाच काय ते नीट घ्यायचंय. सध्याच्या छोट्या स्पीकरना बास नाही, म्हणून साडेसहा इंचीकडे ओढा आहे. वॅट किती लागतील? आणि अ‍ॅक्टिव्ह (अ‍ॅम्प आतच असलेले) घ्यावेत की पॅसिव्ह (अ‍ॅम्प वेगळा लागणारे)?

मंद्रसप्तक
आधी खुर्ची हलवून बघा, मग वूफरचं (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन, इंच त्याचेच मोजतात) बोलू.

१२ फूट लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद (भिंतींमध्ये आवाज साठून एखादा सूर फुगणं) साधारण ४७ हर्ट्झला येतो (ध्वनीचा वेग सेकंदाला ११२५ फूट, भागिले लांबीची दुप्पट). या कंप्रतेचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यात जवळजवळ शून्य. तुमचा कान ६ फुटांवर, म्हणजे नेमका त्या खड्ड्यात. तिथे साडेसहा इंची लावा नाहीतर आठ इंची, खालचा बास येणार नाही. उलट ९४ हर्ट्झचा दुसरा अनुनाद मध्यातच शिखरावर असतो. त्यात तुमची रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट, म्हणजे ११२ हर्ट्झलाही दुहेरी फुगवटा. ऐकताना हे असं लागतं: खाली पोकळ, वर घुमणारं, आणि पुरुष गायकाचा आवाज माठात तोंड घालून गायल्यासारखा.

खुर्ची पुढे सरकवून कान साडेचार फुटांवर आणा (लांबीच्या ३८ टक्के हा नेहमीचा ठोकताळा). स्पीकरही तेवढेच एकमेकांजवळ आणा. तीन फुटांचा समभुज त्रिकोण चालतो.

आता आकार. ५ किंवा सव्वापाच इंची घ्या. ते साधारण ५५-६० हर्ट्झपर्यंत नीट जातात. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे गायनाला पुरून उरतं. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ ची, ती अर्धवट मिळेल. सिनेमातले स्फोट हवेच असतील तर पुढे कधीतरी सबवूफर (फक्त खालच्या बासचा वेगळा स्पीकर) घ्या आणि ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर ठेवा, म्हणजे त्याखालचं काम सबवूफरकडे. ४ इंची टेबलावर छान दिसतात, पण आवाज वाढवला की दमतात.

तारजोड
वरच्याशी सहमत. वॅटबद्दल सांगतो, कारण पैसे सर्वाधिक तिथेच वाया जातात.

८ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध), ८५ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर धरा. १ वॅटला १ मीटरवर ८५. साडेचार फुटांवर पावणेतीन डेसिबल घटतात, दुसऱ्या स्पीकरमुळे तीन वाढतात. म्हणजे कानापाशी पुन्हा ८५ च, आणि हा आवाज चांगलाच मोठा असतो. २० वॅटला ९८ होतो. १०० वॅटचं लेबल तुमच्या काही कामाचं नाही.

आकडा वाचताना एक मेख लक्षात ठेवा. "२.८३ व्होल्ट/१ मीटर" असं लिहिलेलं असेल तर ८ ओहमला ते १ वॅट, पण ४ ओहमला २ वॅट. ४ ओहमवाल्याच्या आकड्यातून ३ वजा करूनच तुलना करा.

पॅसिव्ह घेतलेत तर टीपीए३११६ चिपचा छोटा अ‍ॅम्प पुरतो. खोक्यावरचे वॅट मात्र अडॅप्टरवर ठरतात. १९ व्होल्टवर ८ ओहमला जेमतेम २२ वॅट, २४ व्होल्टवर ३६. दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार, प्रत्येकी ३ मीटर, बस. त्यापुढे तारेवर खर्च करू नये.

तुमच्या वापराला अ‍ॅक्टिव्हच सोयीचे. फक्त ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेचं) इनपुट आहे का ते बघा. यूएसबी किंवा ऑक्सने जोडल्यावर भुणभुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर ती थांबली तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह) समजा. ऑप्टिकलमध्ये विजेची जोडणीच नसते, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही. अर्थिंगची पिन तोडण्याचा "उपाय" कोणी सुचवला तर अजिबात ऐकू नका.

कानसेन_नवा
खुर्ची सरकवली, फरक लगेच कळला. वापरलेली पॅसिव्ह जोडी मिळतेय, अ‍ॅम्पसकट बजेटात बसते. काय तपासू? मागे पोर्ट (खोक्यातली हवा आत-बाहेर करणारं भोक) आहे, भिंतीजवळ चालेल का?

मंद्रसप्तक
पोर्टाला स्वतःच्या व्यासाएवढी मोकळी जागा मिळाली की तो श्वास घेतो. खरी अडचण भिंतीची: तिच्यामुळे बास फुगतो, मग पोर्ट मागे असो की पुढे. टेबलाच्या पुढच्या कडेला आणा. तरी घुमलं तर पोर्टात मोज्याची गुंडाळी सैल कोंबून बघा. बीबीसीने १९७० च्या दशकात छोट्या नियंत्रण-कक्षांसाठी केलेला एलएस३/५ए हा स्पीकर तर बिनपोर्टाचा, पूर्ण बंद खोकाच होता.

ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या रेषेत हवा. टेबलावर तो सहसा ७-८ इंच खाली राहतो. ९ इंच खोल खोका असेल तर पुढच्या कडेखाली दीड इंचाची पाचर द्या. जवळ बसल्यामुळे एवढा कल लागतोच.

तारजोड
जोडी तपासताना:

वूफरच्या कडेचा फोम बोटाने दाबा. चिकट लागला किंवा भुगा पडला तर तो गेलाय, रबराची कड जास्त टिकते. मग दोन्ही अंगठ्यांनी कोन (वूफरचा शंकूसारखा पडदा) सगळीकडून सारखा, हळू आत ढकला. खरखर आली तर कॉइल (कोनामागचं तारेचं वेटोळं) घासतेय, सोडून द्या.

मल्टीमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो. दोन्हींत मोठा फरक नको. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, धनाला धन. कोन बाहेर यायला हवा. एकाचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत जात असेल तर आतली जोडणी उलटी आहे. ती तशीच राहिली तर बास गायब होतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर पसरतो.

शेवटी कान ट्वीटरजवळ नेऊन एकेक वाजवा. छोटा अ‍ॅम्प आवाज फाटेपर्यंत वाढवला की आधी ट्वीटरच जळतो, आणि वूफर वाजत असल्यामुळे ते पटकन कळत नाही.