हायब्रिड असूनही हायवेला अ‍ॅव्हरेज का पडतं?

असं विचारलंय म्हणून सांगतो, टोयोटाच्या लँड क्रूझर २५० सारख्या उंच, चौकोनी गाडीत १०० च्या पुढे पेट्रोल मुख्यतः हवा कापण्यातच जातं आणि ब्रेक फारसा लागतच नाही म्हटल्यावर ब्रेक मारताना वाचणाऱ्या ऊर्जेतून बॅटरी चार्ज तरी कशी होणार, ती आहेच जेमतेम १.८७ किलोवॅट-अवरची. अमेरिकेत ईपीए या सरकारी संस्थेचा शहर आणि हायवे मिळून एकत्रित आकडा २३ एमपीजी (गॅलनला मैल) आहे, म्हणजे लिटरला साधारण ९.८ किलोमीटर, या वजनाला मला तरी तो चांगलाच वाटतो. रिकामा रूफ रॅक आधी काढून ठेवा. आणि हो, मोठे टायर टाकले असतील तर ओडोमीटर किलोमीटर कमी मोजतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज आहे त्यापेक्षा वाईट दिसतं, टाकी फुल करून जीपीएसच्या अंतराशी एकदा ताडून बघाच.