मदत हवी आहे : फेकलेल्या चेंडूत ‘बल’ साठलेले नसते, हे दहा वर्षांच्या मुलीला कसे पटवून द्यावे?

नमस्कार. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला मी सध्या घरी द्रव्य, बल आणि ऊर्जा यांची ओळख करून देत आहे. द्रव्याचा भाग सुरळीत पार पडला. बर्फ वितळला तरी वस्तुमान तेवढेच राहते, हे तिने घट्ट झाकणाच्या बरणीत बर्फ ठेवून आणि दर वेळी बरणी बाहेरून कोरडी पुसून वजन करत स्वतःच पडताळून पाहिले. गाडी अडली आहे ती बलापाशी.

तिचे म्हणणे असे की चेंडू फेकताना हात त्याला बल देतो, ते बल चेंडूत भरले जाते, जाता जाता खर्च होते आणि संपले की चेंडू थांबतो. मी तिला एकच गोटी आधी टॉवेलवर, मग सतरंजीवर आणि शेवटी काचेवर सारख्याच उतारावरून सोडायला सांगितली. गोटी प्रत्येक वेळी आधीपेक्षा दूर गेली. यावरून घर्षण नसते तर गोटी थांबलीच नसती, असा निष्कर्ष ती काढेल अशी माझी अपेक्षा होती. तिने मात्र “टॉवेल गोटीतले बल पटकन शोषून घेतो, काच हळूहळू शोषते” असे सांगितले. त्यानंतर मी व्हॉयेजर १ या यानाचे उदाहरण दिले. हे यान १९७७ साली सोडले गेले आणि आजही इंजिनाने ढकलल्याविना सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. त्यावर तिचे उत्तर तयार होते : अवकाशात बल शोषणारे कोणी नाही, म्हणून रॉकेटने दिलेले बल अजून शिल्लक आहे.

हे उत्तर चुकीचे असले तरी त्यात विसंगती नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने जवळजवळ असाच विचार मांडला होता. विरोध झाला नाही तर वस्तूला मिळालेला हा जोर टिकून राहतो, असे बुरिदानचेही मत होते. ज्या कल्पनेत विद्वान शतकानुशतके रमले, ती एखाद्या मुलीला सुचावी यात तिचा दोष नाही. त्यामुळे “पुस्तकात तसे लिहिले आहे” असे सांगून तिला गप्प करणे मला योग्य वाटत नाही.

दुसरी शंका अशी की “चेंडूत बल नसते, ऊर्जा असते” असे सांगितले, तर ती फक्त शब्द बदलून “ऊर्जा संपली म्हणून चेंडू थांबला” असे म्हणेल आणि पुढे ऊर्जा नष्ट होत नाही हे शिकताना पुन्हा तिथेच अडखळेल. बल आणि ऊर्जा यांतला फरक सूत्रांशिवाय, हाताला जाणवेल अशा रीतीने दाखवणारा एखादा प्रयोग आपल्यापैकी कोणी मुलांसोबत केला असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या मुलीची कल्पना थांबणाऱ्या गोटीने मोडणार नाही, कारण गोटी का थांबते याचे कारण तिच्याकडे आहे. तिला चेंडू झेलायला सांगा. आपण तोच चेंडू शक्य तितक्या सारख्या वेगाने तिच्याकडे फेकावा. एकदा तिने हात ताठ धरून झेलावा आणि एकदा हात चेंडूबरोबर मागे नेत झेलावा. पहिल्या वेळी तळहात चुरचुरेल, दुसऱ्या वेळी काहीच वाटणार नाही. मग तिला विचारावे : चेंडू तोच, वेगही तोच, बल चेंडूत भरलेले असते, तर दोन्ही वेळा सारखेच बाहेर यायला नको होते का?

आपल्या माहितीसाठी आकडे देतो. १०० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला २ मीटर वेगाने येत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ०.२ ज्यूल असते. तो १० सेंटीमीटर अंतरात थांबवला, तर हातावरचे सरासरी बल २ न्यूटन भरते. कठीण पृष्ठभागावर आपटून एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर तेच २०० न्यूटन होते. चेंडूने आणलेली ऊर्जा दोन्ही वेळा सारखीच आहे. बल मात्र तो कसा थांबवला यावर ठरते, आणि ते हात व चेंडू एकमेकांना भिडलेले असतील तेवढाच वेळ असते.

म्हणून बलाचा उल्लेख आला की “कोणी, कोणावर?” हा प्रश्न विचारण्याची सवय तिला लावावी. हात सुटल्यावर हवेतल्या चेंडूवर पृथ्वी खाली ओढणारे बल लावते आणि हवा थोडासा विरोध करते. तिसरे कोणी सापडत नाही. ऊर्जेचा विषय मात्र त्याच दिवशी काढू नये.

धागालेखक

मनापासून आभार. प्रयोग आजच केला. ताठ हाताने झेलल्यावर ती बराच वेळ तळहाताकडे पाहत राहिली आणि मग “म्हणजे हातानेही चेंडूला ढकलले” असे स्वतःहून म्हणाली, जे मी तिला सांगितलेच नव्हते. आता तिचा पुढचा प्रश्न आहे : चेंडूने आणलेली ऊर्जा गेली कुठे? उष्णतेत, असे मी सांगितले. पण हात तापल्याचे तिला जाणवले नाही, त्यामुळे तिचा विश्वास बसलेला नाही.

प्रतिसाद २

तिला ते जाणवणार नाही, हे बरोबरच आहे. ०.२ ज्यूल उष्णता १ ग्रॅम पाण्याला दिली, तरी त्याचे तापमान जेमतेम ०.०५ अंशाने वाढते, आणि इथे तर ती चेंडू, तळहात व हवा यांत विखुरते. तिला लोखंडाची जाडसर तार द्यावी, एकाच जागी वीसेक वेळा भरभर मागे-पुढे वाकवायला सांगावी आणि लगेच वाकलेल्या जागेला बोटाने हलकेच स्पर्श करायला लावावा. तार तिथे चांगलीच तापते, त्यामुळे आपण सोबत असणे आवश्यक आहे. विस्तवाशिवाय आलेली ही उष्णता कुठून आली, याचे उत्तर तिला स्वतःलाच शोधू द्यावे; तारेची दुसरी टोके थंडच आहेत, हे मात्र तिच्या लक्षात आणून द्यावे.